‘निवेदन’ : श्रद्धेच्या पोटी आलेली जिज्ञासा

विचाराची आवड माणसास कोठून लागते, या प्रश्नाचे सुधारक मंडळींकडे एक ठरीव उत्तर असते : ती संशयातून येते, श्रद्धा सुटली म्हणजे बुद्धी मोकळी होते. देवळाच्या सभामंडपात बसणारी वडीलधारी माणसेही मनातून हेच मानतात, आणि म्हणूनच मुलाने फार प्रश्न विचारले की त्यांना धास्ती वाटते. दोन्ही पक्षांचे गृहीत एकच आहे. ते कितपत टिकते हे तपासावयाचे, तर धर्मानंद कोसंबी यांच्या ‘निवेदन’ (१९२४) या आत्मचरित्राइतका भरवशाचा साक्षीदार मराठीत आम्हांस दुसरा दिसत नाही.

कोसंबी गोव्यातील साखवाळचे; जन्म १८७६ चा. शालेय शिक्षण बेताचेच. तुकारामबुवांनी त्यांच्या मनास प्रथम धीर दिला. पुढे ‘बालबोधमेवा’ या मिशनऱ्यांच्या मुलांसाठी निघणाऱ्या मासिकात बुद्धाविषयीचा एक लेख वाचनात आला आणि त्यांचे चित्त तेथेच जडले. ही निखळ भक्ती होती. तर्काने काढलेला निष्कर्ष नव्हे. अशी भक्ती पुष्कळांची जडते, आणि तसबीर भिंतीवर लागली की शांत होते. कोसंबींची शांत झाली नाही. ज्याच्यावर मन बसले तो प्रत्यक्ष काय बोलला, हे मूळ ग्रंथांतून कळले पाहिजे, असा त्यांचा हट्ट. वकिली भाषेत सांगावयाचे, तर ऐकीव पुरावा त्यांना मान्य नव्हता.

या हट्टापायी १८९९ साली त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी असा प्रवास झाला. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. नेपाळात बौद्ध धर्माची अवकळा पाहून ते निराश झाले, तरी परतले नाहीत. १९०२ साली सिंहलद्वीप गाठून पालीच्या अध्ययनास लागले. ‘विशुद्धिमार्गा’च्या संशोधनासाठी १९१० साली ते हार्वर्डला गेले. त्याआधी कलकत्त्याची नोकरी सोडून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे दरमहा ५० रुपये पत्करले होते, ते आपल्या लोकांत राहून काम करता यावे म्हणून. या सर्व खटाटोपात बुद्धी श्रद्धेशी भांडताना दिसत नाही. श्रद्धाच बुद्धीला कामास जुंपते.

मग श्रद्धेने बुद्धीस लगाम घातला काय? याचे उत्तर त्यांच्या पुढील ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात आहे. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून गौतमाने गृहत्याग केला, ही जगन्मान्य कथा त्यांनी जुन्या सूत्रांच्या आधारे नाकारली, आणि शाक्य व कोलीय यांच्या कलहात शस्त्र धरण्याचा त्याला आलेला उबग हे कारण पुढे मांडले. निष्कर्षाविषयी विद्वानांत मतभेद असोत. पण आपल्या आराध्याच्या चरित्रातील गोड कथा भक्ताने स्वतःच्या हाताने खोडावी, हे अश्रद्धेचे लक्षण नव्हे. ज्याला आराध्याची खरी ओळख हवी असते, त्यालाच हे धैर्य होते.

ग्रंथ म्हणून ‘निवेदना’त दोष नाहीत असे नाही. भाषा साधी, कैफियतीसारखी नेमकी. हा तिचा गुण. परंतु वाट, भाडे, भोजन, आजार यांची नोंद जितकी काटेकोर, तितके मनातील द्वंद्व उघड होत नाही. विशेषतः तरुण पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून ते निघाले, त्या प्रसंगाचे पुरते माप त्यांच्या लेखणीने घेतलेले नाही. एकाच्या जिज्ञासेचा खर्च दुसऱ्याने सोसला, तर त्याची खातेवही कोठे तरी मांडली पाहिजे. ती येथे अपुरी राहिली आहे. श्रद्धेचा आधार दाखवून ही बाकी फिटत नाही.

तरीही मूळ मुद्द्यावर या साक्षीदाराची साक्ष उलटतपासणीत ढळत नाही. विचाराची आवड कोसंबींना लागली ती संशयाने नव्हे, पूज्यभावाने. मात्र ऐकीवावर समाधान न मानणाऱ्या पूज्यभावाने. आमच्या देवस्थानांच्या परिसरात वाढणारी मुले देवाविषयी प्रश्न विचारतात, तेव्हा ती देवापासून दूर चालली असे समजण्याची घाई आपण करतो. कदाचित ती आपल्यापेक्षा जवळ जाऊ पाहत असतील. त्यांना गप्प बसविण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी हे छोटेखानी पुस्तक एकवार वाचावे, एवढीच आमची विनंती आहे.