मॉसची नोंद आणि रानापिरीचा उतारा

परवा एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणजे चाळीस नावं कंसात टाकली की झालं ना?" मी हसले. पण नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून ही पोस्ट.

मार्सेल मॉसचा देणगीवरचा निबंध (1925) तुमच्या वाचनयादीत असेलच. त्यातला युक्तिवाद थोडक्यात असा: भेट दिसायला ऐच्छिक असते, पण देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनंच असतात. (आपल्याकडे आहेराची वही ज्या घरात जपून ठेवतात, त्या घरात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.) वस्तू परत का करावीच लागते, या प्रश्नाला मॉसने माओरी भाषेतल्या 'हाउ' या शब्दातून उत्तर दिलं: दिलेल्या वस्तूत देणाऱ्याचं काहीतरी राहतं आणि ते मूळ मालकाकडे परतू पाहतं.

निबंध ज्या अंकात आला, त्याची सुरुवात श्रद्धांजलीने होते. पहिल्या महायुद्धात या गटातले कितीतरी तरुण अभ्यासक गेले. रॉबेर हर्ट्झ 1915 मध्ये मारला गेला, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. मॉस निबंधात सांगतो की माओरींच्या देवाणघेवाणीच्या नोंदींचं महत्त्व हर्ट्झच्या आधीच लक्षात आलं होतं. त्याने अशी एक नोंद कार्डावर टिपली होती आणि वर लिहून ठेवलं होतं की हे डेव्ही आणि मॉस यांच्यासाठी; 'हाउ'चा उताराही त्याच्याच कार्डांत होता. स्वतःला सापडलेली चीज मित्रांसाठी बाजूला काढून ठेवायची! मॉसने हे लिहिलं नसतं तर कुणाला कळलं असतं? कार्ड लिहिणारा तर हयातच नव्हता. पुढे 1928 मध्ये मॉसने हर्ट्झचे लेख पुस्तकरूपाने काढले. माझ्या मते या निबंधातलं परतफेडीचं सगळ्यात चांगलं उदाहरण त्या नोंदीत आहे.

आता दुसरी बाजू. तो उतारा मुळात तामाती रानापिरी या माओरी जाणकाराचा. त्याने तो एल्सडन बेस्टला सांगितला, आणि बेस्टने 1909 मध्ये छापला. मॉस रानापिरीचं नावही देतो, मोठा जाणकार म्हणून. म्हणजे श्रेय दिलं, हिशेब मिटला?

नाही मिटला. मार्शल साहलिन्सने 1972 मध्ये मूळ मजकूर पुन्हा उघडला, ब्रूस बिग्ज या माओरीच्या अभ्यासकाकडून त्याचा नवा अनुवाद करून घेतला आणि दाखवलं की रानापिरी बोलत होता पक्ष्यांच्या शिकारीनंतरच्या एका विधीबद्दल. अरण्यातून पक्षी मिळाले की काही अरण्याच्या 'हाउ'ला परत द्यायचे. भेटवस्तूचं उदाहरण त्याने हा विधी समजावा म्हणून दिलं होतं. मॉसने उदाहरण घेतलं, विधी गाळला. शिवाय त्या उदाहरणात माणसं तीन आहेत: मी तुला दिलं, तू तिसऱ्याला दिलंस, त्याच्याकडून तुला जे आलं ते तू माझ्याकडे आणायचं. फक्त परतफेडच सांगायची असती तर तिसरा हवा कशाला? साहलिन्सचं म्हणणं, मुद्दा वस्तूतल्या आत्म्याचा नसून वाढीचा आहे: माझ्या वस्तूवर तू जे मिळवलंस ते तुझ्याकडेच ठेवणं बरं नव्हे.

साहलिन्सचं सगळं पटलंच पाहिजे असं नाही. वस्तू आणि माणूस यांचा संबंध तो जरा जास्तच हिशेबी करतो, असं मला वाटतं. पण गंमत बघा, रानापिरी, बेस्ट, हर्ट्झ, मॉस ही साखळी म्हणजे तेच उदाहरण. उतारा हातोहात गेला, त्यावर एक प्रसिद्ध सिद्धांत उभा राहिला, आणि रानापिरीकडे परत आलं ते त्याचं नाव. त्याचं म्हणणं पुरतं परत आलं नाही.

हे सगळं मी एवढ्या तावातावाने लिहितेय, त्याला कारण आहे. माझा विषय गावातली उसनवारी. एक आजी म्हणाल्या होत्या, "वाटी रिकामी परत देत नाहीत बाई, चिमूटभर साखर तरी घालावी." हे वाक्य मी प्रकरणाच्या सुरुवातीला टाकलं, टाळ्याही मिळाल्या. त्यापुढचं वाक्य मात्र वहीतच राहिलं: "आमची वाटी मात्र वरच्या आळीत कुणी घेत नाही." परस्परतेच्या प्रकरणात ते बसत नव्हतं. गाईडना दाखवलं नाही. खोटं काहीच लिहिलं नव्हतं मी, संमतीपत्रसुद्धा जोडलेलं होतं.

दिवाळीनंतर गेले आणि ते पान त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "आणि वरच्या आळीचं?"

ते प्रकरण आता पुन्हा उघडलंय. मथळ्यात 'परस्परता' राहील की नाही, अजून ठरलेलं नाही. गाईड वैतागलेत, सबमिशन एक सत्र पुढे गेलंय.