शालेय मानसिक आरोग्य आणि सार्वजनिक निधी : धोरणभाषेची एक चिकित्सा

प्रस्तावना

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याची चर्चा सुरू होते आणि निकाल लागल्यानंतर काही दिवसांत ती थांबते. या चर्चेत पालकांच्या अपेक्षा, गुणांची स्पर्धा, भ्रमणध्वनीचा अतिवापर इत्यादी कारणे सांगितली जातात. ही कारणे खोटी नाहीत; परंतु शाळा ही एक सार्वजनिक संस्था आहे आणि तेथील विद्यार्थ्याच्या मानसिक आरोग्यासाठी शासन कोणती आर्थिक तरतूद करते, हा प्रश्न या चर्चेत क्वचितच उपस्थित होतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यनिहाय संख्येत महाराष्ट्र प्रथम स्थानी होता. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ या वयोगटातील मानसिक विकारांचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के आढळले. याचा अर्थ साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात सरासरी चार विद्यार्थ्यांना मदतीची गरज असू शकते. ही मदत कोणी करावयाची आणि ती करणाऱ्याचे वेतन कोणत्या लेखाशीर्षातून द्यावयाचे, या दोन प्रश्नांच्या आधारे अलीकडील प्रमुख धोरणांची चिकित्सा करणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

धोरणांतील शब्द आणि अंदाजपत्रकातील मौन

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाद्वारे तो जिल्हा पातळीवर नेण्यात आला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर शासकीय वा शासन-अनुदानित मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला आणि त्यात बालकांसाठीच्या सेवांचा स्पष्ट समावेश केला. कायदा अमलात आल्यापासून, म्हणजे २०१८ पासून, दहा वर्षांत तज्ज्ञ मनुष्यबळाची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचा प्रयत्न शासनाने करावा, असेही त्यात नमूद आहे. प्रत्यक्षात संसदीय स्थायी समितीच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात एक लाख लोकसंख्येमागे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ होते. अपेक्षित प्रमाण तीन आहे.

शिक्षण विभागाकडे पाहिले असता चित्र फारसे वेगळे दिसत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रशिक्षित समुपदेशक व सामाजिक कार्यकर्ते शालेय व्यवस्थेत आणण्याचा विचार मांडला आहे. त्याच वर्षी ‘मनोदर्पण’ हा उपक्रम सुरू झाला. २०२२ मध्ये ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा आली. या सेवेसाठी केंद्रीय अंदाजपत्रकात २०२३-२४ मध्ये सुमारे १३४ कोटी रुपयांची, तर २०२४-२५ मध्ये ९० कोटी रुपयांची तरतूद होती. दूरध्वनी सेवेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि, तिचा लाभ घेण्यासाठी आपल्याला मदत हवी आहे, हे मुलाला स्वतःला उमगावे लागते, हाती दूरध्वनी असावा लागतो आणि बोलण्यापुरता एकांत मिळावा लागतो. ज्या मुलाला यांपैकी काहीच उपलब्ध नाही, त्याच्यापर्यंत शाळेतील माणूसच पोहोचू शकतो.

या सर्व उपक्रमांची भाषा तपासली तर एक बाब ठळकपणे जाणवते. ‘जागृती करणे’, ‘संवेदनशील करणे’, ‘सक्षम करणे’ ही क्रियापदे विपुल आहेत. ‘पद निर्माण करणे’, ‘नियुक्ती करणे’ ही क्रियापदे अपवादानेच आढळतात. यामागील कारण आर्थिक आहे. प्रशिक्षणाचा खर्च एकदाच होतो आणि तो वर्षअखेरीस दाखविता येतो. याउलट पद निर्माण केले की वेतन, वेतनवाढ आणि निवृत्तिलाभ यांचे दीर्घकालीन दायित्व शासनावर येते. धोरणांचा ओढा उपक्रमांकडे आणि पाठ पदांकडे का, याचे उत्तर या हिशेबात दडलेले आहे.

शिक्षक : एक सोयीचा पर्याय

पद नसले की काम उपलब्ध माणसाकडे जाते. आयुष्मान भारत योजनेअंतर्गत २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची योजना आहे. कार्यक्रमातील अकरा विषयांपैकी भावनिक स्वास्थ्य व मानसिक आरोग्य हा एक आहे. पोषण, स्वच्छता, व्यसनमुक्ती यांबरोबर आठवड्याच्या एका तासिकेत तो हाताळावयाचा आहे. अध्यापन, निवडणूक, सर्वेक्षण, शालेय पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती भरणे या कामांनी आधीच वेढलेल्या शिक्षकाकडून आणखी एक कौशल्य अपेक्षिले जाते.

येथे केवळ कामाच्या भाराचा प्रश्न नाही. जो शिक्षक गुण देतो, शिस्त लावतो आणि पालकांना बोलावून घेतो, त्याच्याजवळ विद्यार्थ्याने मनातील भीती मोकळेपणाने सांगावी, ही अपेक्षा भूमिकांचा संघर्ष निर्माण करते. त्रासात असलेला मुलगा ओळखणे हे शिक्षकाचे काम असू शकते. त्याच्यावर सलग काही महिने काम करणे, घरच्यांशी बोलणे, गरज पडल्यास जिल्हा रुग्णालयाशी दुवा जोडणे हे स्वतंत्र व्यावसायिक काम आहे.

‘तारे जमीन पर’ (२००७) या चित्रपटाने मुलाच्या घुसमटीकडे समाजाचे लक्ष वेधले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र त्यातील मुलाला सावरणारा शिक्षक हा शाळेत तात्पुरता आलेला कलाशिक्षक आहे, हा तपशील फारसा चर्चिला गेला नाही. तो आला म्हणून मूल वाचले; तो आला नसता तर शाळेच्या व्यवस्थेत त्या मुलासाठी काहीच नव्हते. एका सहृदय व्यक्तीचा योगायोग म्हणजे व्यवस्था नव्हे. चित्रपटाला ही मर्यादा शोभून जाते, धोरणाला ती शोभत नाही.

न्यायालयाचा निर्णय आणि शंभराची मर्यादा

या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेला निर्णय महत्त्वाचा ठरतो. आंध्र प्रदेशातील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा संबंध संविधानाच्या अनुच्छेद २१ शी जोडून पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यानुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावयाचा आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक दुवा जोडावयाचा आहे.

निर्णयाचे मोल मान्य करूनही त्याच्या आर्थिक बाजूचा विचार टाळता येत नाही. विनाअनुदानित मोठी शाळा समुपदेशक नेमू शकेल आणि तो खर्च शुल्कातून भरून काढेल. अनुदानित शाळेत शासन केवळ मान्य पदांचे वेतन देते. संचमान्यतेत समुपदेशकाचे पद नसेल तर त्याचे वेतन तुटपुंज्या वेतनेतर अनुदानातून देणे अशक्यप्राय आहे. वाडी-वस्तीवरील जिल्हा परिषदेच्या शाळेत तर शंभर पटसंख्याच नसते. तिच्या वाट्याला जो ‘दुवा’ येईल, त्याचे दुसरे टोक बहुधा तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी असेल. निधीची जोड न मिळाल्यास समानतेसाठी दिलेल्या निर्णयातूनच विषमता वाढण्याचा धोका संभवतो.

शंभर या आकड्याचा एक पूर्वानुभवही उपलब्ध आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असल्यास कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे. ‘अंशकालीन’ या एका शब्दामुळे महाराष्ट्रात हे निदेशक अल्प मानधन आणि अनिश्चितता यांत अडकले. विद्यार्थ्याने ज्याच्यावर विश्वास टाकावयाचा, तो समुपदेशकच पुढील सत्रात शाळेत असेल की नाही याची शाश्वती नसेल, तर समुपदेशनाचा पायाच डळमळतो.

पदनिर्मितीचा दाखला

राज्याला हे परवडणारे नाही, हा आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. प्रत्येक शाळेत एक पूर्णवेळ पद निर्माण करणे कठीण आहे, हे खरे. परंतु महाराष्ट्रात दिव्यांग विद्यार्थ्यांच्या बाबतीत वेगळा मार्ग निघाला आहे. विशेष शिक्षकांविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. न्यायालयाचा आदेश, केंद्रशाळा हा घटक आणि शासनमान्य पद अशी ही साखळी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील शाळासमूहांनी समुपदेशक वाटून घेण्याची कल्पनाही याच दिशेची आहे. केंद्रातील शाळांना ठरलेल्या वारी भेट देणारा समुपदेशक लहान शाळांपर्यंतही पोहोचू शकेल आणि शंभराची मर्यादा तेथे आड येणार नाही.

मनुष्यबळ नाही, हा दुसरा आक्षेप अंशतःच खरा आहे. मनोविकारतज्ज्ञ कमी आहेत. परंतु शालेय समुपदेशक हा मनोविकारतज्ज्ञ असण्याची गरज नाही. मानसशास्त्र व समाजकार्य या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेणारे विद्यार्थी राज्यातील विद्यापीठांतून दरवर्षी बाहेर पडतात. त्यांना बालकांसोबत काम करण्याचे पर्यवेक्षित प्रशिक्षण देता येईल. पद नाही म्हणून प्रशिक्षण नाही आणि प्रशिक्षित माणसे नाहीत म्हणून पद नाही, हे चक्र केवळ शासनच भेदू शकते.

निष्कर्ष

समुपदेशकाच्या नियुक्तीने परीक्षापद्धतीतील दोष दूर होणार नाहीत, की घरातील दारिद्र्य संपणार नाही. तरीही संकटातील मुलाला शाळेच्या आवारात ऐकून घेणारा प्रशिक्षित माणूस मिळणे ही किमान अपेक्षा आहे. उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, शालेय मानसिक आरोग्याबाबत आपल्याकडे धोरणांची उणीव नाही. उणीव आहे ती आकृतिबंधातील पदाची आणि अंदाजपत्रकातील स्वतंत्र लेखाशीर्षाची. आरोग्य विभाग शाळेच्या दारापर्यंत येऊन थांबतो आणि शिक्षण विभाग प्रशिक्षणावर थांबतो. विद्यार्थी या दोहोंच्या मध्ये उभा आहे. त्याच्यासाठीचा खर्च कोणत्या विभागाने करावयाचा, हे ठरविणे आता लांबणीवर टाकता येणार नाही.