मूठ पाहिली, पातं राहिलं : जुन्या चाकूंच्या संग्रहाविषयी

आजचा विषय खिशात मावेल एवढा आहे. मिटणारे जुने चाकू, त्यांच्या कोरीव मुठी, आणि ते जमवणारी आपल्यासारखी माणसं. 'आपल्यासारखी' हा शब्द जाणून वापरतो आहोत. जी टीका करणार आहोत तिच्यात आम्हीही आलो.

आधी एक कबुली. बऱ्याच वर्षांपूर्वी जुन्या बाजारात आम्हाला दोन चाकू दिसले. दोन्ही शेफिल्डचे, दोन्हींना सांबरशिंगाची मूठ. एकाचं पातं धार लावून लावून इतकं झिजलं होतं की निम्मंच उरलं होतं. मूठही एका बाजूने गुळगुळीत, अंगठा टेकून टेकून. दुसरा मात्र कोरा करकरीत. विक्रेता म्हणाला, "साहेब, तो झिजलेला घेऊन काय करणार?" आम्हालाही पटलं, कोरा घेतला. आजही तो आमच्याकडे आहे आणि त्याच्याविषयी सांगण्यासारखं आमच्याकडे एकही वाक्य नाही. कारखान्याचं नाव सांगता येतं, बस्स. झिजलेला कोणाच्या खिशात किती वर्षं होता हे निदान विचारता तरी आलं असतं. ते आम्ही विचारलं नाही.

आता शेफिल्ड कशाला, असं कोणी म्हणेल. कारण मिटणाऱ्या चाकूचं ते मोठं माहेरघर. इंग्लंडमधल्या या गावात चाकू-कात्र्यांच्या कारागिरांची कंपनी १६२४ मध्ये कायद्याने स्थापन झाली. एकोणिसाव्या शतकात तिथली जोसेफ रॉजर्स ही पेढी जगभर गेली. तारा आणि माल्टीज क्रॉस ही तिची खूण संग्राहक आजही पात्याच्या बुडाशी भिंगाने शोधतात. नाव एवढं चाललं की उच्चाराला जवळपास तसंच वाटेल अशी नावं पात्यांवर ठोकणारेही निघाले.

आता संग्राहकांच्या याद्या बघा. लिलावाची असो, हौशी माणसाची वही असो, रकाने साधारण तेच : पेढी, साल, मुठीचं साहित्य, कोरीवकाम, अवस्था. 'अवस्था' म्हणजे काय? पातं पूर्ण रुंदीचं आहे ना, मूठ तडकली नाही ना, उघडताना-मिटताना स्प्रिंग खटकन बोलते ना. सगळं योग्यच आहे. आमची तक्रार अशी की या रकान्यांतून चाकू विकत घेणारा दिसतो, वापरणारा आणि करणारा दिसत नाही. वापर झालाच असेल तर तो 'दोष' या सदरात जातो.

या पद्धतीचं टोक पाहायचं तर नॉरफोक चाकू बघावा. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी रॉजर्स पेढीने तो केला. ७५ पाती आणि अवजारं, पात्यांवर कोरलेली चित्रं, शिंपल्याच्या मुठीवर शिकारीची दृश्यं. आज तो शेफिल्डच्या कटलर्स हॉलमध्ये आहे. त्याआधी, १८२२ मध्ये, याच पेढीने १८२२ पात्यांचा चाकू केला होता. कारागिरीबद्दल वादच नाही. प्रत्येक पातं बसवायचं आणि ते दुसऱ्याला घासू द्यायचं नाही, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पण या चाकूने पेरू कापता येत नाही हो! खिशात तो मावत नाही, हातात धरवत नाही. तो पेढीचा जाहिरातफलक होता आणि त्या कामात पक्का यशस्वी झाला. चूक त्याची नाही. चूक आपली, की या फलकाचं माप आपण खिशातल्या चाकूला लावू लागलो. जेवढं कोरीव तेवढं श्रेष्ठ, जेवढं अस्पर्श तेवढं मौल्यवान.

म्हणजे नक्षी वाईट का? मुळीच नाही. सांबरशिंगाचा खडबडीतपणा, हाडाच्या मुठीवर मुद्दाम पाडलेल्या खाचा यांनी ओल्या हातातून चाकू निसटत नाही. तिथे शोभा आणि पकड एकच आहेत. फळं कापायचे छोटे चाकू घ्या. मूठ शिंपल्याची, वर फुलापानांची नक्षी, आणि पातं चांदीचं. चांदी श्रीमंती मिरवायला होतीच, पण दुसरंही कारण होतं. फळातल्या आम्लाने त्या काळचं पोलाद काळं पडायचं आणि फळालाही चव लागायची. शिवाय चांदीवर सरकारमान्य छाप असतो : चालणारा सिंह म्हणजे शुद्धता, मुकुट म्हणजे शेफिल्ड, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, आणि एक अक्षर म्हणजे वर्ष. १९७५ मध्ये शेफिल्डच्या मुकुटाच्या जागी गुलाब आला. म्हणजे बघा, हा चाकू आपला जन्मदाखला पात्यावरच बाळगतो, आणि आपण मात्र आधी मूठ फिरवून फिरवून बघतो.

आता करणाऱ्यांकडे येऊ. शेफिल्डचा चाकू एका हाताने होत नसे. एकजण पातं ठोकून घडवी, दुसरा दगडावर घासे, तिसरा मूठ बसवून जुळणी करी. पुष्कळ कारागीर भाड्याच्या जागेत स्वतंत्रपणे काम करत. त्यांना तिथल्या बोलीत 'लिटल मेस्टर' म्हणत, म्हणजे छोटे मालक. पात्यावर नाव मात्र पेढीचं.

आणि घासणारा? दगडाची नि पोलादाची धूळ फुप्फुसात जाऊन त्याला दमा लागे. शेफिल्डच्या डॉक्टर नाइट यांनी या रोगावर लिहिलं आणि एंगल्सने १८४५ च्या आपल्या पुस्तकात त्यांचा आधार घेतला. जेवणाचे काटे कोरड्या दगडावर घासणारे २८ ते ३२ व्या वर्षी मरत. वस्तरे ओल्या-कोरड्या दोन्ही दगडांवर घासणारे ४० ते ४५ पर्यंत जात. टेबलावरच्या सुऱ्या ओल्या दगडावर घासणारे ४० ते ५०. दगड ओला की कोरडा, यावर आयुष्याची दहा-पंधरा वर्षं ठरत होती. आता सांगा, 'पात्याला अजून मूळची चकाकी आहे' असं यादीत लिहिताना ही चकाकी कोणत्या दगडावर आली, हा प्रश्न आपल्याला का पडू नये?

मुठीचंही तसंच. हस्तिदंत हत्तीचा. त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९८९ च्या निर्णयाने बंद पडला, आणि भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने तो बंदच आहे. ब्रिटनचा २०१८ चा हस्तिदंत कायदा २०२२ मध्ये लागू झाला. त्यात १९४७ पूर्वीच्या आणि दहा टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वस्तूंना नोंदणी करून सूट आहे, पण पूर्ण हस्तिदंती मुठीचा चाकू त्यात बसणं अवघड. काही संग्राहक यावर चिडतात, 'हत्ती तर शंभर वर्षांपूर्वीच मेला' म्हणतात. युक्तिवाद ऐकायला बरा आहे. पण जुन्याला बाजार राहिला की नव्याला जुनं म्हणून खपवता येतं, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आणि सांबरशिंग? शेफिल्डच्या मुठींना ते आपल्याच देशातून जाई. आपण ज्याला 'विलायती चाकू' म्हणतो, त्याची मूठ आपल्या रानातली असू शकते. यादीत 'स्टॅग' एवढंच लिहून आपण मोकळे होतो.

मग जमवायचं कसं? एक नमुना आपल्या पुण्यातच आहे. दिनकर केळकरांनी साधारण १९२० पासून वस्तू जमवायला सुरुवात केली, लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभं केलं आणि पुढे ते सगळं राज्य सरकारच्या हवाली केलं. तिथले अडकित्ते आठवा. पक्ष्यांचे, घोड्यांचे, माणसांचे आकार. नक्षीत ते कुठल्याही विलायती मुठीला हार जाणार नाहीत. पण त्याच छपराखाली पानाचे डबे आहेत, दिवे आहेत, स्वयंपाकघरातली भांडी आहेत. म्हणून अडकित्ता बघताना सुपारी आठवते, ओसरी आठवते, बसलेली माणसं आठवतात. तिथे वस्तू घरासकट येते. आमच्या काचेच्या पेटीत चाकू चाकूशेजारी झोपलेला असतो, बाकी काही नाही.

एक नाव घेऊन थांबतो. शेफिल्डचे स्टॅन शॉ, जन्म १९२६. चौदाव्या वर्षी कारखान्यात लागले, पुढे स्वतःच्या नावाने खिशातले चाकू करत राहिले. २०१७ मध्ये त्यांना ब्रिटिश सरकारचं पदक मिळालं, २०२१ मध्ये ते गेले. चाकूबरोबर त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांच्या आधीच्या हजारो जणांचं घेतलं जात नाही.

तर आमची सूचना साधी आहे. वहीत तीन रकाने वाढवा : हा कोणाकडून आला, याने काय कापलं, आणि पातं किती झिजलंय. पातं घासून चकचकीत करू नका, झीज ही नोंद आहे. आजोबांचा चाकू घरात असेल तर ज्यांनी तो वापरताना पाहिला त्या माणसाला आजच विचारा. बोरू तासायला होता, पेन्सिलीला होता की आंब्याला, आणि आजोबा तो कुठल्या खिशात ठेवायचे. पेढीचं नाव नंतरही सापडेल, ते पात्यावर आहे. हे कुठेच लिहिलेलं नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.