देवीचा हक्क, मरणाचा पहारा

प्रेमाला आडकाठी नसेल तर प्रेमकथा तिसऱ्याच पानावर मांडवात जाऊन बसते. म्हणून प्रत्येक काळाला आपली आडकाठी शोधावी लागते. घराण्यांचे वैर, गरिबी-श्रीमंती ही कारणे वापरून वापरून झिजली, तेव्हा इंग्रजीतल्या तरुणांसाठीच्या कादंबरीने दोन नवी कारणे हुडकली. पहिले अमानवी. प्रियकर माणूसच नाही. स्टेफनी मेयर यांच्या 'ट्वायलाइट'मधली (२००५) बेला ज्याच्यावर भाळते त्याला तिच्याच रक्ताची तहान आहे. दुसरे कारण राजकीय. उद्याची राजवट प्रेमच करू देत नाही. ॲली कॉन्डी यांच्या 'मॅच्ड'मध्ये (२०१०) जोडीदार वरून ठरवून मिळतो, तर लॉरेन ऑलिव्हर यांच्या 'डिलिरियम'मध्ये (२०११) प्रेम हा रोग मानला जातो आणि अठराव्या वर्षी शस्त्रक्रिया करून तो काढून टाकतात.

हे पाणी आता मोबाइलवरून मराठीतही झिरपले आहे. बेंगळुरूहून चालणाऱ्या 'प्रतिलिपी'सारख्या मंचावर भुताच्या आणि प्रेमाच्या मराठी मालिका भागाभागांनी निघतात आणि वाचक खाली 'पुढचा भाग कधी?' म्हणून तगादा लावतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली पोरेपोरीही हे वाचतात, काहीजण लिहितातही. लिहिण्याची हौस दांडगी आहे. पण कथेतला नायक पुण्या-मुंबईतल्या कंपनीचा मालक निघतो, वाडा पाश्चात्त्य सिनेमातला असतो आणि पात्रे बोलतात ती छापील मराठी. 'व्हय की' म्हणणारी पिशाच्चे फारशी भेटत नाहीत. उसनवारीत तसे वाईट काही नाही, साहित्य त्यावरच वाढते. अडचण एवढीच की ज्या मुलखात निषिद्ध प्रेमाची सामग्री उंबऱ्यावर पडली आहे, तिथे ती परगावाहून मागवली जाते आहे.

सुरुवात भुतांपासून करू. आपल्या लोककल्पनेतल्या भुतांनाही लग्नाचा दाखला लागतो. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो, बाळंतपणात दगावलेली बाई हडळ होते. अपुरी राहिलेली इच्छा हेच त्यांचे शरीर. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी भयकथेला आणि गूढकथेला मोठा वाचक मिळवून दिला. पण त्या परंपरेत प्रेम बहुधा भयाकडे जाण्याची पायरी म्हणून येते. वाचकाला घाबरवून झाले की प्रेमाचे काम संपते. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'मुंज्या' (२०२४) या हिंदी चित्रपटाने कोकणातला मुंजा देशभर नेला. त्याच्या मुळाशी वयाने मोठ्या मुलीवर जीव जडलेला एक पोरगा आहे. एका पोराच्या हट्टी, नाकारलेल्या ओढीला मरणानंतरही सुटका नाही, ही कल्पना खरोखर भेदक आहे. चित्रपट मात्र तिच्यावर विनोदाचा आणि संगणकी करामतींचा थर चढवून मोकळा होतो. जत्रा छान भरते, दुखणे मागे राहते.

आता कर्नाटकात असलेल्या या मराठी पट्ट्याकडे, सीमाभागाकडे वळू. बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मा, म्हणजे रेणुका आहे. तिची कथा साऱ्यांना पाठ आहे. नदीवर गेलेल्या रेणुकेला गंधर्व आपल्या स्त्रियांसह जलक्रीडा करताना दिसला, क्षणभर मन चळले, तेवढ्यावर तिच्या नवऱ्याने, जमदग्नीने, मुलाला आईचे मुंडके उडवायला सांगितले आणि परशुरामाने ते उडवले. म्हणजे एका नजरेचा गुन्हा आणि त्याला देहांताची शिक्षा, हा या दैवताच्या कथेचा गाभा आहे. दरवर्षी मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला देवी विधवा होते आणि तिला सोडलेल्या बाया, जोगतिणी, बांगड्या फोडतात. पुढे माघात भरत पुनवेला पुन्हा चुडा भरला जातो. देवीचे वैधव्य जिवंत बायांच्या मनगटावर साजरे होते. कुठल्याही कल्पित राजवटीने इतका काटेकोर विधी आखलेला नाही.

या देवीला सोडलेल्या मुलीचे लग्न देवाशीच लागलेले. माणसावरचे तिचे प्रेम मग आपोआप व्यभिचार ठरते. या चौकटीला कायद्यानेही हात घातला. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते, आणि १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने मुली सोडणे बेकायदा ठरवले. कर्नाटकाने १९८२ मध्ये आपला कायदा केला. या कायद्यांतली एक तरतूद कादंबरीकाराने वाचावी अशी आहे. देवाला सोडलेली बाई लग्नाला अपात्र ठरत नाही, हे तिथे कलम घालून लिहावे लागले. तू कुणाची तरी बायको होऊ शकतेस, हे माणसाला शासनाने लेखी कळवावे, ही गोष्ट कुठल्या भविष्यातली नाही.

राजन गवस यांनी हा मुलूख कादंबरीत आणला. 'चौंडकं' (१९८५) मध्ये सुली नावाच्या मुलीच्या केसात जट येते, ते देवीचे बोलावणे मानले जाते आणि तिथून तिचे आयुष्य तिच्या हाताबाहेर जाते. 'भंडारभोग' (१९८८) देवीला सोडलेल्या पुरुषाची, लुगडे नेसवून जोगता केलेल्या माणसाची गोष्ट सांगते. दोन्हींची ताकद तपशिलात आहे. डोक्यावरचा देवीचा जग, परडी, भंडारा, चौंडकं या वाद्याचा ठेका आणि गावाची ती सहज क्रूर बोली. सुलीवर सक्ती करणारा कुणी एक खलनायक नाही. आईबापांना खरोखर भीती वाटते, शेजारपाजाऱ्यांना खरोखर काळजी वाटते, देवीचा कोप होईल असे सगळ्यांना प्रामाणिकपणे वाटते आणि सुलीलाही ते वाटू लागते.

राजीव पाटील यांचा 'जोगवा' (२००९) हा या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा एकत्र गुंफून झाला. पटकथा संजय कृष्णाजी पाटील यांची. जोगता तायप्पा आणि सुली यांची प्रेमकथा चित्रपटाने मध्यभागी आणली. निषिद्ध प्रेमाची याहून अवघड जोडी मराठी पडद्यावर क्वचितच आली असेल. ती देवाची, तोही देवाचा, त्यात त्याचे पुरुषपणही काढून घेतलेले. सुलीसमोर आपण पुरुष आहोत हे कबूल करणे, हेच त्याचे बंड होते. उपेंद्र लिमये यांनी तायप्पा केला. लुगड्याच्या पदराशी चाळा करणारे त्यांचे हात आणि खाली जाणारी नजर पाहिली की मनाई कायद्यात नसून अंगात कशी मुरते ते कळते. ५६ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांना अभिनयाचा आणि अजय-अतुल यांना संगीताचा सन्मान मिळाला. चित्रपटाला प्रेमकथेचा सूर लागतो तसतसा गवसांचा रखरखीतपणा मऊ होत जातो हे खरे. गाणी फार देखणी आहेत. पण मुक्ता बर्वे यांची सुली ज्या देवीला सोडू पाहते तिलाच भिते आणि मानते, ही गाठ चित्रपटाने सैल होऊ दिलेली नाही.

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. आयात कादंबरीत मनाई करणारा बाहेर उभा असतो. तो नेता असतो, शास्त्रज्ञ असतो, तटबंदीवरचा पहारेकरी असतो. मालिकेच्या तिसऱ्या पुस्तकात त्याला पाडले की प्रेमाचा रस्ता मोकळा. सीमाभागातल्या चांगल्या लेखनात मनाई करणाऱ्याशीच प्रेमिकाचे नाते असते. सुली देवीची भक्त आहे. ज्याला उलथवायचे त्यालाच संकटात हाक मारायची, हा पेच जॉर्ज ऑर्वेल यांना ठाऊक होता. '१९८४' (१९४९) मधले विन्स्टन आणि ज्युलिया मरत नाहीत, ते एकमेकांना विकतात आणि शेवटी विन्स्टन 'मोठ्या भावा'वर प्रेम करू लागतो. त्यानंतरच्या तरुण-कादंबऱ्यांनी ऑर्वेलचा तुरुंग उचलला आणि ही अखेर मात्र टाळली.

शेजारच्या कन्नडात याच मातीतून वेगळे पीक आले आहे. गिरीश कार्नाड यांच्या 'नागमंडल' नाटकात राणी नावाच्या बाईला नवरा कुलूप लावून ठेवतो, जेवायला तेवढा दुपारी येतो. रात्री नवऱ्याच्या रूपात नाग येतो. ती गरोदर राहते, पंचायत बसते आणि वारुळात हात घालून नाग धरण्याचे दिव्य ती करते. तिच्यासाठी तो नाग प्रियकर आहे, गावासाठी चमत्कार. व्यभिचाराच्या खटल्यातून ती देवी होऊन बाहेर पडते. सुलीला देवीने गिळले आणि राणीला गावाने देवी केले. दोन्हीकडे बाईला साधे माणूस राहू दिले नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या घोडगेरीचे चंद्रशेखर कंबार 'सिरी संपिगे'त याहून पुढे जातात. तिथला राजपुत्र आपल्याच देहाचे दोन भाग करवून घेतो आणि त्यातल्या एकातून नाग निघतो. लोककथेतला नाग त्यांनी शोभेला ठेवला नाही, त्याच्याकडून विवाहसंस्थेची उलटतपासणी करून घेतली. बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णी यांच्यामुळे कन्नडातले कितीतरी मोठे लेखन मराठीत सुखाने वावरते आहे. वाट रुळलेली आहे, नव्या लेखकाने फक्त पाय टाकायचा.

मरणाची हद्द ओलांडणारे प्रेम हा अमानवी प्रेमकथेचा दुसरा मोठा विषय. निपाणीच्या परिसरातल्या एकसंब्यात १९२३ मध्ये जन्मलेले जी. ए. कुलकर्णी 'पिंगळावेळ' (१९७७) मधल्या 'ऑर्फियस'मध्ये थेट ग्रीक कथेला हात घालतात. मृत पत्नीला परत आणायला गेलेल्या गायकाला एकच अट आहे, मागे वळून पाहायचे नाही. जी. एं.च्या एकूण जगात मनाई करणारी ती नियती. तिच्याशी वाद घालता येतो, अपील करता येत नाही. निषिद्ध प्रेमाला एवढी तत्त्वचिंतनाची उंची मराठी कथेत इतरत्र दुर्मिळ आहे, पण त्यात गारवाही आहे. तिथली माणसे दंतकथेच्या प्रकाशात उभी असतात, त्यांच्या घरात चूल पेटलेली दिसत नाही.

ती चूल इंदिरा संतांच्या कवितेत आहे. पती ना. मा. संत १९४६ मध्ये गेले. त्यानंतर आलेल्या 'शेला' (१९५१), 'मेंदी' (१९५५), 'मृगजळ' (१९५७) या संग्रहांतून, बेळगावात नोकरी आणि मुले सांभाळणारी ही कवयित्री एका गेलेल्या माणसाशी बोलत राहिली. ना भूत, ना चमत्कार, ना पुनर्जन्माची हमी. तरीही पलीकडचा माणूस खोलीत असल्याचा भास ती कविता देते. विधवेने दुःख करावे, एवढी मुभा समाजात होती. तिने ओढ आणि रुसवा शाबूत ठेवून अजून प्रेयसीच राहावे, ही मुभा नव्हती. इंदिराबाईंनी ती न मागता घेतली. अमानवी प्रेमकथा लिहू पाहणाऱ्याने रक्तपिपासू नायकांआधी हे तीन संग्रह वाचावेत.

निपाणीचे महादेव मोरे (निधन २०२४) दुसऱ्या टोकाचे. पिठाची गिरणी चालवत त्यांनी ज्यांच्याबद्दल लिहिले त्या माणसांना भुताची गरजच नव्हती. त्या जगात प्रेमाला मनाई करते ती भाकरी. उद्याची हजेरी, थकलेले देणे आणि बाजारात ठरलेला देहाचा भाव. नव्या लेखकाला लागणारे जगाचे तपशील मोऱ्यांकडे गच्च भरले आहेत.

उरली भविष्यातल्या दुष्ट राजवटीची कथा. हे दालन मराठीत अगदी तोकडे आहे. गंमत अशी की विल्यम गोल्डिंग यांची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' मराठीत आणणारे पुन्हा जी. ए.च. आणि इथल्या माणसाला अशा कथेसाठी फार कल्पना लढवावी लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला एका रात्रीत इथले राज्य बदलले. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, महाराष्ट्राचा या भागावरचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तरीही कागल-गडहिंग्लज आणि निपाणी-चिकोडी यांच्यातला रोटीबेटी व्यवहार थांबलेला नाही. २०२१ मध्ये करोनाच्या लाटेत कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे चाचणीचा अहवाल मागितला जाऊ लागला आणि सासर-माहेराच्या मध्ये एक कागद उभा राहिला. त्या कारणाला आरोग्याचा आधार होता, पण सत्ता माणसाच्या नात्यात किती सहज हात घालते त्याचे प्रात्यक्षिक हमरस्त्यावर झाले. तसेच विशेष विवाह कायद्याचे. १९५४ च्या या कायद्याखाली लग्न करायचे तर नोटीस द्यावी लागते, ती कचेरीत सर्वांना दिसेल अशी लावतात आणि ३० दिवस हरकतींची वाट पाहतात. पळून आलेल्या दोन धर्मांच्या किंवा दोन जातींच्या जोडप्याची नावे-पत्ते भिंतीवर, आणि महिनाभर कुणीही येऊन वाचावे. 'मॅच्ड'मधल्या सरकारला ही युक्ती सुचली नव्हती.

मग हे लिहिले का जात नाही? एक कारण व्यासपीठाचे. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांनी मराठी साहित्य संमेलने जिद्दीने चालवली, आणि सीमाभागात मराठी टिकली त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पण ग्रंथदिंडीमागून आलेले अख्खे गाव समोर बसले असताना कथाकथनात भूत विनोदी होते आणि प्रेम बोधपर. भाषाच धोक्यात आहे असे वाटते तेव्हा आपल्या माणसांची उणी काढणे नको वाटते. निषिद्ध प्रेमाची कथा तर तेच करते, मनाई करणारे आपलेच काका-मामा आहेत हे सांगते. दुसऱ्या बाजूला मोबाइलवर एकांत आणि मोकळीक दोन्ही आहे, पण तिथे रोजच्या भागाची घाई आणि गोड शेवटाची मागणी. एकीकडे लोकलाज, दुसरीकडे लोकप्रियता. यात कथेचा दम जातो.

अशा कथेची परीक्षा नायक रक्तपिपासू आहे की नागरूपी, यावर होत नाही. मनाई करणारा कोण, प्रेमिकाचे त्याच्याशी काय नाते आणि मोडल्यावर किंमत कोण मोजतो, या तीन प्रश्नांवर ती होते. गवस, इंदिराबाई आणि जी. ए. यांनी त्यांची उत्तरे टाळली नाहीत, म्हणून त्यांच्या पुस्तकांवर 'पॅरानॉर्मल' किंवा 'डिस्टोपियन'ची चिठ्ठी नसतानाही या प्रकारांतले सर्वात अस्सल मराठी लेखन त्यांच्याकडे सापडते. नव्या लेखकाने नाग घ्यावा, मुंजा घ्यावा, हवी तर उद्याची राजवट उभी करावी. फक्त ती राजवट तिसऱ्या भागात पाडण्याची घाई करू नये. आपल्याकडची मनाई जेवायला वाढते, आजारपणात उशाशी बसते आणि मग लग्नाला नाही म्हणते. तिच्याशी भांडणारी प्रेमकथा ज्याला लिहिता येईल, त्याला तटबंदी उसनी आणावी लागणार नाही.