प्रश्नचिन्हांत हरवणारी अक्षरे : डेटाबेस ड्रायव्हरमधील युनिकोड-व्यवहाराची चिकित्सा

प्रस्तावना :
फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. येथील कॅम्प २ सारख्या परिसरात मराठी व सिंधी शेजारी नांदतात. अशा ठिकाणच्या ग्रंथालयाची संगणकीय सूची दोन्ही भाषा अचूक जपते काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

विवेचन :
श्वास आत ओढून उच्चारल्या जाणाऱ्या सिंधी ध्वनींसाठीची ॻ, ॼ, ॾ, ॿ ही देवनागरी अक्षरे २००६ मध्ये युनिकोड ५.० मध्ये समाविष्ट झाली. मात्र संकेतांक मिळाला म्हणजे अक्षर सुरक्षित झाले, हा समज भ्रामक आहे. प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामध्ये ड्रायव्हर दुभाष्याचे काम करतो. 'सिंधी' या शब्दात पाच संकेतांक असून यूटीएफ-८ मध्ये त्यांचे पंधरा बाइट होतात. जोडणीची संकेतप्रणाली चुकून लॅटिन-१ ठेवल्यास हेच बाइट पंधरा स्वतंत्र युरोपीय चिन्हे मानले जातात. उलट, शुद्ध साठवलेला मजकूर अशा जोडणीतून वाचल्यास हाती केवळ प्रश्नचिन्हे येतात.

मायएसक्यूएलचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. त्यातील 'यूटीएफ-८' या नावाची प्रणाली प्रत्यक्षात तीन बाइटांपर्यंतच मर्यादित होती. देवनागरी त्यात सामावते. परंतु २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये आलेल्या मोडी लिपीच्या प्रत्येक संकेतांकास चार बाइट लागतात. कडक तपासणी बंद असल्यास पहिल्या मोडी अक्षरापासून पुढील मजकूर छाटला जाई व केवळ इशारा नोंदवला जाई. चार बाइटांची 'यूटीएफ-८-एमबी-४' प्रणाली २०१० मध्ये आली. ती मूलनिर्धारित होण्यास मात्र २०१८ मधील आवृत्ती ८.० उजाडावी लागली. नावात पूर्णत्वाचा दावा आणि व्यवहारात अपूर्णता, हा या रचनेचा मूलभूत दोष होय.

निष्कर्ष :
चूक उघडपणे थांबवणारा ड्रायव्हर गैरसोयीचा वाटला तरी प्रामाणिक असतो. मूकपणे प्रश्नचिन्ह देणारा ड्रायव्हर नोंदच पुसतो. म्हणून तक्ता, जोडणी व प्रोग्राम या तिन्ही स्तरांवर एकच संकेतप्रणाली ठेवावी आणि 'ॻ' व एक मोडी अक्षर साठवून, परत वाचून पाहावे. ही चाचणी काही मिनिटांची आहे. हरवलेले ग्रंथनाम मात्र मूळ पुस्तक पुन्हा हाती घेतल्याशिवाय परत मिळत नाही.