ताबीर करणारे सरकार

इस्माइल कादारे (१९३६-२०२४) यांची 'स्वप्नांचा महाल' ही अल्बेनियन कादंबरी १९८१ साली प्रसिद्ध झाली. १९८२ मध्ये तेथील लेखक संघाने बैठक घेऊन तिचा निषेध केला आणि तिच्यावर बंदी आली. वरवर पाहता ही उस्मानी सल्तनतीची गोष्ट आहे. मग एका कम्युनिस्ट सरकारला तिची भीती का वाटावी?

कादंबरीच्या केंद्रस्थानी 'ताबीर सराय' नावाचे सरकारी खाते आहे. सराय म्हणजे तुर्कीत महाल. ताबीर हा शब्द तर आपल्याला मुळीच परका नाही. पडलेल्या ख्वाबाची ताबीर आपण घरातल्या बुजुर्गांना विचारतो. हजरत यूसुफ (अ.स.) यांनी मिसरच्या बादशहाच्या स्वप्नाची ताबीर सांगितली, त्यामुळे रयत दुष्काळातून वाचली. कादारेंच्या महालात नेमके उलटे घडते. येथे बादशहाच रयतेची स्वप्ने मागवतो. मुलुखाच्या कानाकोपऱ्यातून आलेली स्वप्ने निवडली जातात, त्यांचे अर्थ लावले जातात आणि कटाचा वास येईल असे एक 'महास्वप्न' सुलतानापुढे ठेवले जाते.

मार्क-आलेम हा आईकडून क्यूप्रिली या मातब्बर घराण्यातला तरुण या खात्यात लागतो. एका भाजीवाल्याचे स्वप्न त्याच्यापुढे येते. त्यात एक पूल, आपोआप वाजणारे वाद्य आणि बिथरलेला बैल आहे. त्याला त्यात विशेष काही दिसत नाही. पुढे त्याच स्वप्नाचा अर्थ क्यूप्रिलींच्या विरोधात लावला जातो आणि त्याच्या मामाला देहदंड होतो. मार्क-आलेमला मात्र बढती मिळत जाते. शेवटी तो खात्याचा प्रमुख होतो.

हा महाल वास्तवात कोठे होता, हे तिरानातल्या राज्यकर्त्यांनी बरोबर ओळखले. एन्वर होजा १९४४ पासून १९८५ मध्ये मरेपर्यंत सत्तेवर होता. त्याने आधी जमीनदारांच्या जमिनी काढून कुळांना दिल्या आणि मग सामुदायिक शेतीच्या नावाखाली कुळांकडूनही काढून घेतल्या. पोटासाठी माणूस सरकारवर अवलंबून झाला. त्याच्यावर नजर ठेवायला 'सिगुरिमी' ही गुप्त पोलीस यंत्रणा होतीच. घरातला एक जण गुन्हेगार ठरला की सारे कुटुंब दूरच्या खेड्यात हद्दपार होई आणि मुलांना उच्च शिक्षणाची दारे बंद होत. सोबती तरी कुठे सुरक्षित होते? गृहमंत्री राहिलेला कोची झोझे १९४९ मध्ये मारला गेला. सत्तावीस वर्षे पंतप्रधान असलेला मेहमेत शेहू डिसेंबर १९८१ मध्ये मृतावस्थेत सापडला. सरकारने ती आत्महत्या म्हटली आणि नंतर त्याला परदेशी हेर ठरवले.

मग पाळी आली अंतःकरणाची. सुमारे ७० टक्के मुस्लिम वस्तीच्या या देशात १९६७ मध्ये सर्व मशिदी, चर्च आणि तेक्के, म्हणजे सूफींचे मठ, बंद झाले. धार्मिक नावे बदलण्याचा हुकूम १९७५ मध्ये निघाला. १९७६ च्या घटनेत 'राज्य कोणताही धर्म मानत नाही' असे नमूद झाले. हाफिज साबरी कोची यांच्यासारख्या आलिमांनी सुमारे वीस वर्षे तुरुंगात काढली. हे करणाऱ्याचे आडनाव होजा, म्हणजे आपल्या 'ख्वाजा' शब्दाचे तुर्की रूप. तिकडे मौलवींना होजाच म्हणतात.

कादारेंचे मोठेपण असे, की त्यांनी जुलमाचे चित्र फटके आणि फाशी यांतून रंगवले नाही. त्यांनी लांबच लांब बोळ, बंद दारे आणि मान खाली घालून बसलेले कारकून दाखवले. हुकूमशहा एकटा देश चालवू शकत नाही. कागद पुढे सरकवणारे हजारो हात त्याला लागतात. ते हात दुष्टच असावे लागत नाहीत, नुसते घाबरलेले असले तरी पुरतात. स्वतः कादारे त्या राजवटीत संसद सदस्य होते. मार्क-आलेमची घुसमट त्यांनी आतून ओळखली असावी, असे वाचताना वाटत राहते.

तरीही एक आक्षेप नोंदवायला हवा. होजाचे नाव घेणे शक्य नव्हते, म्हणून कादारेंनी जालिमाला सुलतानाचा पेहराव दिला. परिणामी ज्या मजहबची भाषा कादंबरीत जुलमाच्या दफ्तराला चिकटली, तोच मजहब त्या वेळी कैदेत होता. उस्मानी काळाने अल्बेनियाला युरोपपासून तोडले, ही कादारेंची धारणा त्यांच्या इतर लेखनातही दिसते. त्यामुळे बाहेरचा वाचक या कादंबरीला पौर्वात्य जुलमाची कहाणी समजून निश्चिंत होऊ शकतो. रूपकाने लेखकाला काही काळ आडोसा दिला, पण त्याची किंमत इतिहासाने मोजली.

आपणही एका सोप्या वाचनापासून सावध राहावे. 'कम्युनिस्ट म्हणजे मजहबचे दुश्मन' एवढाच बोध घेऊन पुस्तक मिटणे म्हणजे ते न वाचण्यासारखेच आहे. होजाच्या तुरुंगात हाफिज होते, कॅथलिक पाद्री होते आणि कम्युनिस्टही होते. नोव्हेंबर १९९० मध्ये श्कोदर शहरातल्या शिसे मशिदीत हजारो लोक पुन्हा नमाजासाठी जमले. २३ वर्षांत ताबीर सरायीला त्यांच्या मनातले पुसता आले नव्हते. मात्र असे खाते कोणतेही सरकार उघडू शकते, मजहबचे नाव घेणारेसुद्धा. तेव्हा आपल्या टेबलावर आलेल्या कागदाचे आपण काय करणार, हा या कादंबरीचा प्रश्न आहे.