कर्करुग्णाचे भवितव्य आणि रक्तातील पोषण निर्देशांक : एक चिकित्सा

प्रस्तावना :
कर्करोगाच्या उपचारांचे यश केवळ गाठीच्या आकारावर अवलंबून नसते. रुग्णाचे पोषण व प्रतिकारशक्ती यांचाही त्यात वाटा असतो. १९८४ साली जपानमधील ओनोडेरा व सहकाऱ्यांनी पचनमार्गाच्या कुपोषित कर्करुग्णांसाठी एक निर्देशांक मांडला. अल्ब्युमिनचे प्रमाण (ग्रॅम प्रति डेसिलिटर) गुणिले १०, अधिक लिम्फोसाइट पेशींची संख्या (प्रति घन मिलिमीटर) गुणिले ०.००५, असे त्याचे सूत्र आहे. ४५ च्या वर शस्त्रक्रिया सुरक्षित आणि ४० च्या खाली वर्ज्य, असे त्यांचे प्रतिपादन होते.

विवेचन :
या चाचण्या स्वस्त आहेत. त्यामुळे सेवाग्राम किंवा सावंगी (मेघे) येथे खेड्यापाड्यांतून येणाऱ्या रुग्णांसाठी हा निर्देशांक आकर्षक ठरतो. तथापि त्याच्या मर्यादा ध्यानात घेणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा सूत्रातच आहे. १ ग्रॅम अल्ब्युमिन आणि २,००० लिम्फोसाइट यांना येथे समान मोल आहे. अल्ब्युमिन ३.२ असताना लिम्फोसाइट १,४०० असल्यास निर्देशांक ३९ येतो, तर २,६०० असल्यास ४५. म्हणजे अल्ब्युमिन तेवढेच कमी असूनही केवळ पेशींच्या संख्येमुळे रुग्णाची श्रेणी बदलते.

दुसरे असे की, अल्ब्युमिन केवळ उपासमारीने घटत नाही. दाह, यकृत व मूत्रपिंडाच्या विकारांतही ते घटते. स्टेरॉइडमुळे लिम्फोसाइट कमी होतात. विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात श्वेतपेशी एरवीही वाढलेल्या असू शकतात. अशा रुग्णांत न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तरही जपून वाचावे लागते.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची आहे. खर्रा-तंबाखूमुळे मुखकर्करोग झालेल्या रुग्णाला चावणे व गिळणे कठीण होते. त्याचे कुपोषण हे पुष्कळदा रोगाचाच परिणाम असते. भाकिताचा आकडा येथे रोगाचे ओझे मोजतो की रिकामे पोट, हे केवळ त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

निष्कर्ष :
कमी निर्देशांक म्हणजे उपचार नाकारण्याचा परवाना नव्हे. गाठ वाढण्याचा धोका लक्षात घेऊन, शक्य तेथे शस्त्रक्रियेपूर्वी आहार किंवा नळीवाटे पोषण देण्याची ती सूचना मानावी. जपानी रुग्णांवरून ठरलेल्या मर्यादारेषा येथील रुग्णांवर पडताळल्याशिवाय प्रमाण मानू नयेत. आकड्याने रुग्णाचे भवितव्य ठरवण्याऐवजी ते बदलण्यास साहाय्य करावे, हेच त्याचे खरे प्रयोजन होय.